एका गल्लीत एकच वायर

२०१९ च्या फेब्रुवारीत आमच्या आज्जीची मालिका गेली. संपली नाही, गेली. आदल्या रात्री तिनं नेहमीप्रमाणे रोझरी झाल्यावर टीव्ही लावला, मालिका बघितली, उद्या काय होणार यावरून मम्मीशी वाद घातला आणि झोपली. दुसऱ्या दिवशी त्याच नंबरावर काळा पडदा आणि वर इंग्रजीत एक ओळ. आज्जीला इंग्रजी येत नाही. तिनं मला हाक मारली. मी तेव्हा नववीत होते. वाचून सांगितलं, "हा चॅनेल आपण घेतलेला नाही असं लिहिलंय."

आज्जी म्हणाली, "घेतलेला नाही म्हणजे? वीस वर्षं बघतेय की मी!"

संध्याकाळी केबलवाले मामा आले. आमच्या बेळगावात गल्लीचा केबलवाला म्हणजे घरचाच माणूस. चपला काढून आत येतो, चहा घेतो, कुणाच्या पोरीचं लग्न ठरलं तेही सांगतो. ते म्हणाले, "आज्जी, मी काय केलं नाही. वरनंच नियम आलाय. आता पाहिजे तेवढेच चॅनेल घ्यायचे, तेवढ्याचेच पैसे द्यायचे. तुमच्या फायद्याचंच आहे."

"मग माझा चॅनेल दे."

"तो ह्या पॅकमध्ये नाही. हे कर्नाटकचं पॅक आहे. मराठी पाहिजे तर वेगळं घ्यावं लागतंय."

आम्ही तोवर महिन्याला अडीचशे रुपये द्यायचो. मराठी धरून हिशोब केला तो साडेतीनशेच्या वर गेला. पप्पांनी सहज विचारलं, "आणि दुसऱ्या कुणाकडनं कनेक्शन घेतलं तर?" मामा रागावले नाहीत. हसले. म्हणाले, "दुसरा कुठला सर? पलीकडच्या गल्लीत आहे एक. पण तो इकडं येत नाही, मी तिकडं जात नाही."

हा लेख त्या शेवटच्या वाक्याबद्दल आहे.

आधी एक गोष्ट सांगून टाकते. बेळगाव, कर्नाटकचं पॅक आणि मराठी चॅनेल हे तीन शब्द एकत्र आले की वाचणाऱ्याला वाटतं, आता सीमाप्रश्न येणार. तो इथं येणार नाही. चॅनेलचे तयार गठ्ठे राज्याच्या हिशोबानं बांधले जातात आणि राज्याच्या कडेला राहणारी माणसं त्या गठ्ठ्यात नीट बसत नाहीत. आज जे आमच्या मराठी घरात झालं, तेच जत किंवा अक्कलकोटच्या कन्नड घरात होऊ शकतं. तिथली कन्नड आज्जीही रिमोट हातात घेऊन तशीच बसणार. आमच्या मामांना मराठीचा राग नव्हता. ते स्वतः मराठीच बोलतात. त्यांना आमच्यासाठी वेगळं काही करायची गरज नव्हती, एवढंच. ती गरज का नव्हती, हा खरा प्रश्न आहे.

आपल्या देशात केबल सरकारनं आणली नाही. १९९१ मध्ये आखाती युद्ध झालं, ते सीएनएनवर थेट दिसत होतं. त्याच वर्षी स्टार आलं, १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये झी टीव्ही आला. कुणीतरी गच्चीवर मोठी छत्री लावली, तिथून वायर काढली आणि विजेच्या खांबांवरून, नारळाच्या झाडावरून, शेजाऱ्याच्या गॅलरीवरून ती घरोघर नेली. परवानगी कुणाची घ्यायची हेही ठरलेलं नव्हतं. ज्यानं ज्या गल्लीत आधी वायर टाकली, ती गल्ली त्याची झाली. कायदा मागून आला. १९९५ चा केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स (नियमन) कायदा. त्यात कार्यक्रम कसे असावेत, जाहिराती कशा असाव्यात, दूरदर्शनचे चॅनेल दाखवलेच पाहिजेत, हे सगळं आहे. केबलवाल्यानं नोंदणी कुठं करायची? तर २०२५ पर्यंत हेड पोस्ट ऑफिसात. वर्षाची फी होती ५०० रुपये. म्हणजे पत्र टाकायला जातो तिथंच जायचं, फॉर्म भरायचा आणि केबलवाला व्हायचं, असं होतं.

मला हे वाचून आश्चर्य वाटलं, कारण यात कुठंही 'ही गल्ली अमक्याची' असं लिहिलेलं नाही. कागदावर कुणीही कुठंही वायर टाकू शकतो. मामांना मिळालेली मक्तेदारी सरकारनं दिलेली नाही. ती आपोआप तयार झाली आणि सरकारनं ती कधी मोजली नाही. पोस्टात किती जणांनी नोंदणी केली, याचा हिशोब आहे. एका गल्लीत किती जण पोचतात, याचा नाही.

दुसरा माणूस का येत नाही, याचंही उत्तर साधं आहे. वायर टाकायचा खर्च आधी करावा लागतो. गल्लीत साठ घरं आहेत असं धरू. पहिल्याकडे साठही आहेत. दुसरा आला तर तोही तेवढीच वायर टाकणार आणि त्याला मिळणार फार तर वीस-तीस घरं. पहिला लगेच भाव पाडणार. मग दोघंही बुडणार. त्यापेक्षा तू तिकडं, मी इकडं. यात लेखी करार लागत नाही. बाजारात दोन भाजीवाल्या शेजारी बसतात, कारण टोपली उचलून नेता येते. खांबावरची वायर उचलून नेता येत नाही.

म्हणूनच या धंद्यात सरकारचं लक्ष लागतं. सरकारनं सगळं सोडून द्यावं, बाजार आपोआप नीट होईल, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण सरकारनं लक्ष कशावर दिलं ते बघा.

२००४ मध्ये टीव्हीचा विषय ट्रायकडे, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे आला. आल्याआल्या पहिलं काम काय, तर २६ डिसेंबर २००३ ला जो दर होता तो गोठवून ठेवला. पुढं डिजिटल करायचं ठरलं. २०११ मध्ये कायदा बदलला आणि चार टप्प्यांत, आधी महानगरं आणि शेवटी खेडी, असं करत घरोघर सेट टॉप बॉक्स आले. मग २०१७ च्या मार्चमध्ये नवा दर-आदेश निघाला. तो कोर्टात गेला, सर्वोच्च न्यायालयानं २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये मार्ग मोकळा केला आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून तो लागू झाला. पहिल्या १०० चॅनेलसाठी जास्तीत जास्त १३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. पैशाचे चॅनेल त्याच्या वर, प्रत्येकाची किंमत वेगळी. १९ रुपयांपेक्षा महाग चॅनेल गठ्ठ्यात घालायचा नाही. आज्जीचा काळा पडदा तो हाच.

कल्पना चांगली होती, हे मी मान्य करते. जे बघतो त्याचेच पैसे द्यायचे, यात चूक काही नाही. पण झालं काय? चॅनेलवाल्या कंपन्यांनी आवडीच्या चॅनेलची सुटी किंमत १९ पर्यंत नेली आणि गठ्ठा स्वस्त ठेवला. मग सुटं कोण घेणार? २०२० मध्ये ट्रायनं १९ चे १२ केले. कंपन्या मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. २०२१ मध्ये आदेशाचा बराचसा भाग टिकला, पण भांडण संपलं नाही. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये १२ चे पुन्हा १९ झाले. २०२३ च्या फेब्रुवारीत नव्या दरांच्या करारावरून मोठ्या चॅनेल कंपन्या आणि केबल कंपन्या भांडल्या आणि कितीतरी घरांतले चॅनेल बंद पडले. आणि २०२४ च्या जुलैमध्ये ट्रायनं ती १३० रुपयांची मर्यादाच काढून टाकली. आता वितरकानं आपला दर आपण ठरवायचा.

वीस वर्षं. दर गोठवला, सोडला, १९ केला, १२ केला, परत १९ केला, मग मर्यादा उठवली. या सगळ्या काळात आमच्या गल्लीत वायर किती? एकच.

माझं म्हणणं एवढंच आहे. नियम दोन तऱ्हेचे असतात. एक, दुकानात वस्तूचा भाव काय असावा हे सांगणारे. दुसरे, शेजारी दुसरं दुकान उघडता यावं म्हणून वाट मोकळी करणारे. सरकारनं पहिल्या तऱ्हेचे नियम पानंच्या पानं लिहिले. दुसऱ्या तऱ्हेचे थोडेच केले, आणि जे सुचले तेही अर्धवट सोडले.

तसे नियम होते आणि ते चालतात, याचा अनुभव आमच्याच घरचा आहे. मालिका गेल्यावर आज्जी दोन आठवडे गप्प होती. मग वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूनं डीटीएच घेतलं. गच्चीवर छत्री बसली. आज्जी रोज रात्री काठी टेकत जिना चढून वर जायला लागली. पप्पांना ते बघवेना. त्यांनीही डीटीएचवाल्याला फोन करून दर विचारला. ही बातमी मामांपर्यंत कशी पोचली देव जाणे, पण तिसऱ्या दिवशी ते दारात हजर. "सर, एक मराठीचं पॅक बसवून आणलंय. वरच्या कंपनीशी बोललो. तीनशेच्या आत बसतंय." जे आठवड्यापूर्वी 'वरनंच तसं आहे' होतं, ते एका छत्रीनं खाली आलं. पप्पांनी डीटीएच घेतलंही नाही. नुसतं विचारलं होतं.

आता ती छत्री कुठून आली? तीसुद्धा एका नियमामुळेच. २००४ च्या डिसेंबरमध्ये ट्रायनं सांगितलं की कुठल्याही चॅनेल कंपनीनं आपला चॅनेल एकाच वितरकाला देऊन इतरांना नाही म्हणायचं नाही. जो मागेल त्याला भेदभाव न करता द्यायचा. हा नियम नसता तर मोठ्या केबल कंपन्यांनी लोकप्रिय चॅनेल स्वतःपुरते बांधून ठेवले असते आणि डीटीएचवाल्याच्या छत्रीत दाखवायला काही उरलं नसतं. म्हणजे सरकारनं योग्य ठिकाणी बोट लावलं की आज्जीला मालिका परत मिळते. हा नियम लहान आहे, त्याची जाहिरात कुणी केली नाही. पण माझ्या मते टीव्हीच्या बाबतीत सरकारनं केलेल्या सगळ्यात चांगल्या कामांपैकी ते एक आहे.

कुणी म्हणेल, मग झालं की! डीटीएच आहे, स्पर्धा आहे. अर्धी आहे. भाड्याच्या घरात मालक गच्चीवर छत्री लावू देत नाही. आमच्याकडच्या पावसात ऐन रंगात आलेली मालिका गोठते. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे तो बॉक्स. केबल बदलली की बॉक्स फुकट. दुसऱ्याकडे तो चालत नाही. आपला मोबाइल नंबर मात्र २०११ पासून आपण एका कंपनीतून दुसरीत नेऊ शकतो. नंबर आपला, कंपनी बदलती. बॉक्सचंही तसंच व्हावं, कुठल्याही वितरकाकडे तोच बॉक्स चालावा, अशी शिफारस ट्रायनं २०२० च्या एप्रिलमध्ये केली. शिफारस कागदावर राहिली. आमच्या कपाटावर दोन जुने बॉक्स आहेत, एकावर मम्मी मेणबत्तीचा स्टँड ठेवते.

एकच वायर असली की फक्त दोन-चारशे रुपयांचा प्रश्न असतो, असं नाही. पंजाबचं उदाहरण घ्या. तिथं फास्टवे नावाच्या समूहाकडे ८० टक्क्यांहून जास्त केबल ग्राहक होते. त्यांनी एका वृत्तवाहिनीला आपल्या वायरीवरून काढून टाकलं. स्पर्धा आयोगानं २०१२ मध्ये दंड केला, अपील न्यायाधिकरणानं तो निर्णय फिरवला, आणि २०१८ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की होय, बाजारातल्या वर्चस्वाचा गैरवापर झाला होता. दंड मात्र झाला नाही. सात वर्षांनी मिळालेल्या या न्यायाचा त्या वाहिनीला काय उपयोग झाला असेल?

हैदराबादच्या वाचकांना २०१४ आठवत असेल. तेलंगण राज्य होऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोच, आमदारांची टिंगल केल्याच्या वादावरून, टीव्ही ९ आणि एबीएन आंध्रज्योती हे दोन चॅनेल तिथल्या केबलवरून गायब झाले. २०२४ मध्ये शेजारच्या आंध्रात सरकार बदललं आणि पुन्हा काही तेलुगू चॅनेल केबलवर दिसेनासे झाले. टीव्ही ९ साठी दिल्ली उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. चॅनेलवर बंदी घालायची तर सरकारला हुकूम काढावा लागतो, कारणं द्यावी लागतात. वायर मोजक्या हातांत असली की कुणालाच काही लिहून द्यावं लागत नाही. पडदा काळा होतो, बस्स.

सरकारनंच केबल चालवावी, हा उपाय तमिळनाडूनं करून पाहिला. तिथं एका मोठ्या खाजगी केबल कंपनीचं राज्य होतं. २००७ मध्ये सरकारी 'अरसु केबल' निघाली आणि २०११ मध्ये जयललितांनी ती पुन्हा उभी केली, महिना ७० रुपयांत. सत्तर रुपये ऐकून आपल्यालाही हेवा वाटेल. पण चॅनेल कुठला दाखवायचा हे जर सत्तेतल्या पक्षाच्या सरकारनं ठरवायचं, तर मक्तेदारी गेली कुठं? तिचा मालक बदलला एवढंच. राज्य सरकारांना या धंद्यात येऊ देऊ नये, असं ट्रायनं २००८ आणि २०१२ मध्ये सांगितलं होतं, ते मला पटतं.

ट्रायनं २०१३ मध्ये केबलमधल्या मक्तेदारीवर वेगळ्या शिफारशीही केल्या. एका राज्यात एका कंपनीचा वाटा किती असावा याला मर्यादा घालायला सांगितलं. त्याचा कायदा झाला नाही. २०२१ मध्ये मंत्रालयानं तोच विषय परत ट्रायकडे पाठवला. पण मला त्या शिफारशीतच एक उणीव वाटते. तिथं मोजमाप राज्याचं आहे. कर्नाटकात दहा केबल कंपन्या असतील. आज्जीच्या दारापर्यंत किती येतात? बाजार म्हणजे राज्य नव्हे. बाजार म्हणजे मी ज्यांच्याकडून खरोखर घेऊ शकते ते. तो गल्लीएवढाच असतो.

इथं मला मामांच्या बाजूनंही बोललं पाहिजे, नाहीतर हा लेख खोटा होईल. २०२० च्या एप्रिलमध्ये लॉकडाऊन होता. १२ तारखेला ईस्टर. चर्चचं दार बंद. आज्जीनं आयुष्यात ईस्टरची मिस्सा चुकवली नव्हती. तिच्याकडे स्मार्टफोन नाही, असता तरी तिला तो चालवता आला नसता. तेव्हा मामांनी फादरांशी बोलून, एक कॅमेरा आणि लांबलचक वायर जोडून, आमच्या चर्चमधली मिस्सा आपल्या लोकल चॅनेलवर दाखवली. एक पैसा घेतला नाही. मामा स्वतः गणपती मंडळाचे. आज्जी साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन टीव्हीसमोर बसली आणि बरोबर वेळेला गुडघे टेकले. हे काम कुठलीही मोठी कंपनी करणार नाही. तिला आमची गल्लीच माहीत नाही.

म्हणून स्पर्धा म्हणजे मोठ्यानं लहानाला गिळणं, असं मला म्हणायचं नाही. आज तेच होतंय. २०१८ मध्ये रिलायन्सनं हॅथवे आणि डेन या दोन मोठ्या केबल कंपन्यांत निम्म्याहून जास्त हिस्सा घ्यायचं जाहीर केलं. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये स्टार इंडिया आणि त्याच समूहाची व्हायकॉम १८ एकत्र आल्या. म्हणजे चॅनेल बनवणारा, वायर नेणारा आणि मोबाइलचा डेटा विकणारा एकाच घरचा. आणि नेमक्या त्याच वर्षी दराची मर्यादा काढली गेली, बाजार काय ते बघून घेईल म्हणून. बाजार बघेल, जर बाजारात दोन दुकानं असतील तर.

लहान माणसं टिकून स्पर्धा करू शकतात, हे केरळमध्ये दिसतं. तिथल्या छोट्या केबलवाल्यांनी एकत्र येऊन स्वतःची कंपनी काढली, केरळ व्हिजन. आज ते टीव्हीबरोबर इंटरनेटही देतात आणि मोठ्या कंपन्यांसमोर उभे आहेत. आमच्या मामांना आणि पलीकडच्या गल्लीतल्या त्या दुसऱ्याला हे जमलं असतं का? 'तो इकडं येत नाही, मी तिकडं जात नाही' यापेक्षा 'आम्ही दोघं मिळून' हे वाक्य दोघांच्याही फायद्याचं होतं. आता मामांकडे तीस-पस्तीस घरं उरलीत. बाकीची मोबाइलवर गेली, काही फ्री डिशवर.

एक साहित्याची विद्यार्थिनी केबलवर का लिहिते, असं माझ्या मैत्रिणीनं विचारलं. मी तिला फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणाची आठवण करून दिली. आपण सगळ्यांनीच ते अभ्यासाला घेतलं. मराठीची थोरवी गाणारा तो ग्रंथ १६१६ मध्ये छापला गेला तो रोमन लिपीत, कारण छापखान्यात आपल्या लिपीचे खिळे नव्हते. भाषा कितीही समृद्ध असू दे, ती लोकांपर्यंत कुठल्या रूपात पोचणार हे शेवटी साधन ज्याच्या हातात, तो ठरवतो. तेव्हा खिळे होते, आज वायर आहे. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्यासारख्या मराठी घरांना तर हे जास्तच लागू पडतं. इंदूर असो, बडोदा असो, आपण त्या-त्या राज्याच्या पॅकमधले नेहमीचे 'वेगळं घ्यावं लागतंय' आहोत.

मला तीन गोष्टी हव्यात. पहिली, प्रत्येक भागात किती वितरक खरोखर पोचतात याची यादी सरकारनं जाहीर करावी, पिनकोडप्रमाणे. जिथं एकच असेल तिथं दरावर लक्ष ठेवावं, जिथं चार असतील तिथं सोडून द्यावं. सगळ्या देशाला एकच १३० नको आणि सगळ्या देशाला एकच मोकळीकही नको. दुसरी, कुठल्याही वितरकाकडे चालणारा बॉक्स सक्तीचा करावा. तिसरी, खांब. ध्वनिलहरी ही लोकांची मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्येच सांगितलं. मग सार्वजनिक रस्त्यावरचा विजेचा खांब कुणाचा? तोही लोकांचाच. त्यावर वायर टाकायचा हक्क ठरावीक भाडं घेऊन सगळ्यांना सारखा मिळावा, लहानातल्या लहान केबलवाल्यालासुद्धा.

हे आत्ताच बोलायला हवं, कारण टीव्हीची केबल उद्या राहणार नाही, पण त्याच खांबावरून इंटरनेटची फायबर येते आहे. गेल्या महिन्यात आमच्या गल्लीत तिचं कनेक्शन आलं. नवीन मुलगा होता, टाय लावलेला. मम्मीनं त्याला विचारलं, "दुसऱ्या कुणाचं नाही का?"

तो म्हणाला, "या एरियात आमचंच आहे, मॅडम."

आज्जी आतून म्हणाली, "ह्यालाही चहा द्या."